मासे आधीच टाकीत असतील तर पहिला खर्च कशावर? एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किटचा परखड आढावा

टाकी, खडे, फिल्टर आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. आपल्याकडे बहुतेक टाक्या अशाच सुरू होतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये खरेदी झालेली असो की गावातल्या एकमेव ॲक्वेरियमच्या दुकानात, पाणी भरलं, मोटर लावली की मासे लगेच पाण्यात. चार-पाच दिवसांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि मग कुणीतरी सांगतं, "आधी टाकी सायकल करायला हवी होती." सायकल म्हणजे खाण्यातून तयार होणारा विषारी अमोनिया पचवून त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढू देणं. सल्ला खरा आहे, पण आता त्याचा उपयोग नाही. मासे परत घेणारं दुकान नसेल तर मासे टाकीत असतानाच सायकल पुरी करावी लागते. ती सुरक्षितपणे पुरी होते, फक्त पाण्यात काय चाललं आहे ते रोज मोजावं लागतं.

म्हणूनच हा आढावा औषधाचा किंवा बॅक्टेरियाच्या बाटलीचा नाही, मोजण्याच्या किटचा आहे. हातात पैसे मोजके असतील तर पहिला खर्च याच किटवर करावा, हे माझं ठाम मत आहे. बाकीच्या वस्तू किती आणि केव्हा घालायच्या, हे किटमधला आकडाच सांगतो.

एपीआय कंपनीच्या या किटमध्ये सात बाटल्या, झाकणांसह काचेच्या चार नळ्या आणि रंगांचं एक कार्ड मिळतं. पीएच (सामू), वरच्या पट्ट्यातला पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा पाच चाचण्या होतात. खोक्यावर ८०० हून अधिक चाचण्या लिहिलेल्या असतात, पण त्यांतला मोठा वाटा पीएच आणि नायट्राइटचा आहे. अमोनियाला दोन्ही बाटल्यांतले ८-८ थेंब आणि नायट्रेटला १०-१० थेंब लागतात, त्यामुळे त्या बाटल्या आधी संपतात. तरीही मासे असलेल्या टाकीची सायकल साधारण ४ ते ६ आठवडे चालते. रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासलं तरी किटमध्ये पुढच्या वर्षभराला पुरेल इतकं द्रावण उरतं.

अमोनियाची चाचणी: किटचा जीव

नळी टाकीच्याच पाण्यानं एकदा विसळून ५ मिलीच्या रेघेपर्यंत भरायची. पाण्याचा खालचा वाक रेघेवर टेकला पाहिजे. पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८ थेंब. झाकण लावून ५ सेकंद जोरात हलवायचं आणि बरोबर ५ मिनिटं थांबायचं. पिवळा रंग म्हणजे शून्य. हिरवटपणा जितका जास्त तितका अमोनिया जास्त. कार्डावर ०, ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ पीपीएमचे (१ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम) रंग आहेत.

चुका नेमक्या इथेच होतात. बाटली तिरपी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. ती पूर्ण उलटी, सरळ उभी धरूनच पिळायची. झाकणाऐवजी बोटानं नळी बंद करून हलवू नका. दुसऱ्या बाटलीतलं द्रावण त्वचेला जाळतं, शिवाय बोटावरची घाण पाण्यात मिसळते. पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांनी पाहिलं तर रंग गडद दिसतो आणि नसलेला अमोनिया वाचला जातो. रात्री पिवळ्या दिव्याखाली ० आणि ०.२५ मधला फरक कळत नाही, म्हणून नळी कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघावी.

शंका राहिलीच तर शेजारच्या नळीत सीलबंद बाटलीतल्या पाण्याची तीच चाचणी करा. दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या दिसल्या तर टाकीत अमोनिया नाही. कार्डाच्या छपाईपेक्षा ही तुलना कितीतरी भरवशाची आहे. पहिल्या आठवड्यात ती रोज करावी.

तपासून झालेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, टाकीत कधीही नाही.

पीएच न बघता अमोनियाचा आकडा अर्धवट आहे

हे किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला काही भाग अमोनियम म्हणून असतो, त्याचा माशांना फारसा त्रास नाही. उरलेला मुक्त अमोनिया कल्ले जाळतो. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरतं. पाणी २८ अंश सेल्सिअस असेल, जे मुंबई-कोकणात वर्षाचा बराच काळ असतं, तर पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.७ टक्के मुक्त असतो. पीएच ८ ला तोच भाग सुमारे ६.५ टक्के होतो.

म्हणजे एकाच ०.५ पीपीएम आकड्याचे दोन अर्थ निघतात. पीएच ७ ला मुक्त अमोनिया ०.००३५ पीपीएमच्या आसपास, माशाला जाणवणारही नाही इतका. पीएच ८ ला तो ०.०३ च्या वर जातो आणि तिथून कल्ल्यांना इजा होऊ लागते. मराठवाड्यातल्या किंवा नगर-सोलापूरकडच्या कठीण बोअरच्या पाण्यावर टाकी असेल तर ०.२५ दिसताच पाणी बदलायचं. धरणाच्या मऊ पाण्यावर, पीएच ७ च्या खाली, ०.५ पर्यंत थांबलं तरी चालतं.

पीएचच्या दोन बाटल्यांचा गोंधळ पुष्कळांचा होतो. साध्या पीएचला ३ थेंब, पट्टा ६.० ते ७.६. वरच्या पीएचला ५ थेंब, पट्टा ७.४ ते ८.८. पहिल्या चाचणीत सगळ्यात गडद निळा, म्हणजे ७.६ आला, तर खरा पीएच त्याहून कितीही वर असू शकतो. तेव्हा दुसरी चाचणी करायचीच. दुसरीत सगळ्यात खालचा ७.४ आला तर पहिलीचा आकडा खरा धरायचा.

दोन फुटी टाकीचं रोजचं गणित

आपल्याकडे सर्वांत जास्त खपते ती २ × १ × १ फुटाची टाकी. मापानं तिच्यात ५६ लिटर बसतात, पण खडे, सजावट आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहतं. सगळी मापं याच आकड्यावर धरावीत.

अमोनिया मुख्यतः खाण्यातून येतो. ४० टक्के प्रथिनं असलेलं १ ग्रॅम खाद्य पचून बाहेर पडताना साधारण ३५ मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. ४५ लिटरमध्ये तेवढ्यानं पाऊण पीपीएमहून जास्त वाढ होते. दिवसातून दोनदा चिमूट-चिमूट टाकणाऱ्या घरात हा एक ग्रॅम सहज होतो. सायकल चालू असताना मोठ्या माशांना दिवसाआड एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य द्यावं. मासे उपाशी मरणार नाहीत. घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण प्रेमानं टाकलेलं जादा खाद्यच या काळात सर्वांत जास्त मासे मारतं.

नियम साधा ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज रोज काढायची. ०.५ पीपीएमच्या आत असेल तर काही करायचं नाही. ०.५ ला पोचली किंवा वर गेली की त्याच दिवशी पाणी बदलायचं. कठीण पाण्याच्या गावांत अमोनियासाठी वरची ०.२५ ची मर्यादा लागू आहेच. अर्धं पाणी बदललं की आकडा अर्धा होतो. १ पीपीएम होता तर ०.५, थोड्या वेळानं पुन्हा अर्धं बदललं तर ०.२५. टाकी पूर्ण रिकामी करण्याची गरज कधीच पडत नाही. बदलल्यावर तासाभरानं पुन्हा तपासून खात्री करा.

नव्या पाण्याचं तापमान टाकीतल्या पाण्याच्या जवळ हवं, क्लोरीन काढलेला हवा आणि पीएचमध्ये मोठी तफावत नको. शेवटची अट जुन्या, दुर्लक्षित टाकीत जिवावर बेतते. तिथे पीएच घसरून ६ च्या आसपास आलेला असतो आणि भरपूर अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात साठलेला असतो. अशा टाकीत एकदम पीएच ८ चं बोअरचं पाणी ओतलं तर तोच साठा काही मिनिटांत विषारी होतो. "पाणी बदललं आणि मासे मेले" या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं. तिथे दर खेपेला १० टक्केच पाणी, दिवसातून दोन-तीनदा बदलावं.

नायट्राइट: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला धोका

अमोनिया उतरू लागला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि मोजणं थांबवतात. खरं तर इथून पुढचे दोन आठवडे जास्त लांबतात. अमोनिया खाणारे जीवाणू आधी वाढतात, नायट्राइट खाणारे मागून येतात. मधल्या काळात नायट्राइट साठतं. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि त्याची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. फिल्टर चालू, बुडबुडे चालू, तरी मासे पृष्ठभागावर धापा टाकतात. उन्हाळ्यात हे आणखी अवघड होतं, कारण ३० अंशाच्या पाण्यात जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजनच विरघळतो.

नायट्राइटची चाचणी किटमधली सर्वांत सोपी आणि सर्वांत स्पष्ट आहे. ५ मिली पाणी, ५ थेंब, ५ सेकंद हलवणं, ५ मिनिटं थांबणं. आकाशी म्हणजे शून्य, जांभळा म्हणजे वाढलेलं. थेंब पडताक्षणी नळीच्या तळाशी गडद जांभळं दिसलं तर आकडा ५ च्या वर असण्याची शक्यता आहे, आणि कार्ड ५ लाच संपतं. तेव्हा १ मिली टाकीचं पाणी आणि ४ मिली बाटलीबंद पाणी घेऊन चाचणी करायची आणि आलेल्या आकड्याला ५ नं गुणायचं.

या टप्प्यावर मीठ खरोखर कामाचं आहे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतो. १०० लिटरला १० ग्रॅम साधं मीठ घातलं की लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळतो, आणि १-२ पीपीएम नायट्राइटसमोर तो पुरेसा आहे. ४५ लिटरच्या टाकीला ४.५ ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण चहाचा चमचा. मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचं. मीठ वाफेबरोबर जात नाही, म्हणून बाष्पीभवनाची तूट भरताना मीठ घालायचं नाही. पाणी बदलताना मात्र जेवढं पाणी काढलं त्याच प्रमाणात परत घालायचं. १५ लिटर बदललं तर दीड ग्रॅम. एवढ्या मिठानं झाडांना किंवा कोरीडोरास माशांना त्रास होत नाही. दुकानात सांगतात तसं मूठभर खडेमीठ टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, ते करू नका.

मीठ माशाला वेळ मिळवून देतं, नायट्राइट कमी करत नाही. ते कमी होतं पाणी बदलूनच.

नायट्रेटची दुसरी बाटली

या किटबद्दलच्या तक्रारींत ही पहिली येते, आणि ती रास्त आहे. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतलं चूर्ण तळाशी बसून घट्ट होतं. नीट हलवलं नाही तर नायट्रेट खोटं कमी दिसतं, बहुतेकदा शून्यच. क्रम असा: ५ मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे १० थेंब, नळी उलटसुलट करून मिसळणं. मग दुसरी बाटली टेबलाच्या कडेवर चार-पाच वेळा ठोकून ३० सेकंद जोरात हलवणं, तिचे १० थेंब, आणि नळी पूर्ण १ मिनिट हलवणं. नंतर ५ मिनिटं थांबणं. महिनाभर न वापरलेली बाटली दोन मिनिटं हलवली तरी जास्त नाही.

दुसरी उणीव कार्डाची. १० आणि २० चे रंग जवळजवळ सारखे, ४० आणि ८० चेही. नायट्रेट २० च्या खाली आहे की ४० च्या वर, एवढंच या चाचणीतून खात्रीनं कळतं. घरच्या टाकीला तेवढं पुरतं.

सायकल चालू असताना नायट्रेटच्या आकड्यावर फार विसंबू नका. ही चाचणी नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मगच रंग दाखवते, त्यामुळे पाण्यात मुळात असलेलं नायट्राइटही त्यात मोजलं जातं. शिवाय बोअरच्या पाण्यात, विशेषतः शेतीच्या भागात, नायट्रेट मुळातच असू शकतं. पहिल्याच दिवशी नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या सगळ्या चाचण्या करून आकडे वहीत लिहून ठेवा. नाहीतर नळातूनच आलेलं नायट्रेट सायकल झाल्याची खूण वाटेल.

किटमध्ये जे नाही: केएच

माझ्या लेखी या किटची सर्वांत मोठी उणीव ही आहे. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचा साठा, जो पीएचला घसरू देत नाही. अमोनिया पचवताना जीवाणू हा साठा खातात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षमता खर्च होते. केएच २ अंश असलेल्या पाण्यात ती लिटरला ३६ मिलिग्रॅमच असते. पाणी बदललं नाही तर एकूण ५ पीपीएम अमोनिया पचेपर्यंत साठा संपतो, पीएच ६.५ च्या खाली जातो आणि जीवाणूंचं काम मंदावतं. अमोनिया एकाच आकड्यावर आठवडाभर अडून बसतो आणि कारण कळत नाही.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी मिळतं. ही पाणी मऊ आहेत. इथल्या टाक्यांना हा धोका खरा आहे. एपीआयचंच जीएच-केएच किट वेगळं मिळतं (जीएच म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा). केएचच्या चाचणीत ५ मिली पाण्यात थेंब मोजत जायचं, निळ्याचा पिवळा झाला की जितके थेंब तितके अंश. केएच ३ च्या खाली असेल तर खाण्याचा सोडा वापरता येतो. १०० लिटरला ३ ग्रॅमनं केएच साधारण १ अंश वाढतो. ४५ लिटरला दीड ग्रॅम म्हणजे १ अंश. दिवसाला याहून जास्त वाढवू नका, आणि पाण्यात अमोनिया असताना तर आधी पाणी बदला, मगच सोडा. पीएच वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, हे वर आलंच आहे.

हे दुसरं किट घेणं जमत नसेल तर रोजचा पीएच लिहून ठेवा. ७.४ वरून ७.०, मग ६.६ अशी उतरंड दिसली की केएच संपत चालला आहे असं समजावं.

सोबत काय घ्यावं, काय नको

क्लोरीन काढायला सीकेम कंपनीचं प्राइम हे द्रावण चांगलं आहे. मात्रा २०० लिटरला ५ मिली, म्हणजे २० लिटरच्या बादलीला अर्धा मिली. मेडिकलमधून सुई नसलेली २ मिलीची सिरिंज आणली की मोजणं सोपं होतं. बादलीत घालून मग पाणी टाकीत टाकणार असाल तर बादलीपुरतं, पाइपनं थेट टाकीत भरणार असाल तर पूर्ण टाकीच्या मापाचं घालायचं. ते अमोनिया २४ ते ४८ तास बांधून ठेवतं असं कंपनी म्हणते आणि आणीबाणीत पाचपट मात्रेपर्यंत मुभा देते. या बांधण्याबद्दल शौकिनांमध्ये वाद आहेत. एपीआयचं किट बांधलेला आणि मोकळा असा दोन्ही अमोनिया एकत्र मोजतं, त्यामुळे प्राइम घातल्यावर आकडा उतरलेला दिसत नाही, आणि दिसायला हवाही नाही. क्लोरीनसाठी प्राइमवर पूर्ण भरवसा ठेवा. अमोनियासाठी बादलीवर, म्हणजे पाणी बदलण्यावर ठेवा.

दुकानात मिळणारं स्वस्त अँटी-क्लोरीनही क्लोरीनपुरतं चालतं. पण त्याच्यासोबत हमखास एक निळी बाटली देतात, "पाणी स्वच्छ राहतं" म्हणून. मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध आहे आणि ते अमोनिया आणि नायट्राइट पचवणाऱ्या जीवाणूंनाच मारतं. सायकल चालू असलेल्या टाकीत त्याचा एकही थेंब नको. तीच गोष्ट अँटिबायोटिकची. आजारी मासा वेगळ्या टबात काढून उपचार करावेत.

बॅक्टेरियाच्या बाटल्यांबद्दल: नायट्राइट पचवण्याचं काम टाकीत मुख्यतः नायट्रोस्पायरा हे जीवाणू करतात, पूर्वी समजत तसं नायट्रोबॅक्टर नाही. संशोधक टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ते दाखवून दिलं. हे जीवाणू बीजाणू करत नाहीत, म्हणून त्यांची जिवंत बाटली उष्णतेत टिकत नाही. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात पडून राहिलेल्या बाटलीत काय उरलं असेल, त्याचा भरवसा नाही. घेणारच असाल तर थंडीत, ताजी तारीख बघून घ्या, आणि ती घातल्यावरही मोजणं थांबवू नका.

तिच्याहून उत्तम आणि जवळपास फुकट उपाय म्हणजे ओळखीच्या निरोगी टाकीतला चालू स्पंज. चार महिने चाललेल्या फिल्टरमधला स्पंजाचा अर्धा तुकडा ओल्या पिशवीत घालून दोन तासांच्या आत आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर सहा आठवड्यांची सायकल एक-दोन आठवड्यांवर येते. त्या टाकीत आजारी मासे नाहीत एवढी खात्री मात्र करून घ्या. टाकीचं नुसतं पाणी आणून काही होत नाही. जीवाणू पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागांना चिकटून राहतात.

म्हणून या काळात फिल्टर नळाखाली धुवायचा नाही. प्रवाह फारच मंदावला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळायचा, बस. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी दुधाळ झालं तरी घाबरून टाकी धुऊ नका. ते वेगळ्या जीवाणूंचं तात्पुरतं पेव आहे, आपोआप ओसरतं. भारनियमन असलेल्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर घ्या. बंद डब्याचा फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतले जीवाणू ऑक्सिजनवाचून मरतात. वीज आल्यावर त्यातलं साचलेलं पाणी ओतून टाकूनच तो पुन्हा लावावा.

पाण्यात बुडवायच्या चाचणी-पट्ट्या स्वस्त आहेत, त्या चालतील का?

चालणार नाहीत. एपीआयच्याच फाइव्ह-इन-वन पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोन नाही, आणि मासे टाकीत असताना सर्वांत आधी लागतो तो अमोनियाच. सायकल पुरी झाल्यावर महिन्यातून एकदा नजर टाकायला पट्ट्या ठीक आहेत, आणि त्यांत केएच मिळतो हा त्यांचा फायदा. पण ०.२५ आणि ०.५ मधला फरक पट्टीवर ओळखणं शक्य नाही, आणि इथे सगळे निर्णय त्याच फरकावर आहेत.

पूर्ण किट परवडत नसेल तर अमोनिया आणि नायट्राइटच्या सुट्या बाटल्या शोधा. या दोन असल्या तरी काम भागतं. सोबत पीएचची कुठलीही साधी द्रवचाचणी हवी.

सायकल झाली हे कसं ठरवायचं? पूर्ण खाद्य सुरू करा, पाणी बदलू नका, आणि सलग ७ दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य येऊ द्या. त्याच काळात नायट्रेट नळाच्या पाण्यापेक्षा चढतं दिसलं पाहिजे. एखाद्या दिवशी नायट्राइट ०.२५ आलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यानंतर नवे मासे आणायचे ते एका वेळी दोन-तीनच, आणि प्रत्येक खेपेनंतर आठवडाभर पुन्हा अमोनिया तपासायचा, कारण जीवाणूंची संख्या असलेल्या माशांपुरतीच वाढलेली असते. निऑन टेट्रा, कोरीडोरास आणि कोळंबी तर सायकल संपल्यावर महिन्याभरानंच.

पाचपैकी चार गुण. एक गुण केएच नसल्याबद्दल आणि नायट्रेटच्या त्या बाटलीबद्दल कापला. विकत घेताना बाटलीवरचा लॉट नंबर बघा. काहींवर थेट मुदत छापलेली असते, नसेल तर लॉटच्या शेवटच्या चार अंकांत उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, आणि तिथून तीन वर्षांपेक्षा जुनी बाटली घेऊ नये. ऑनलाइन सवलतीत मिळणारी किट अनेकदा जुन्या साठ्यातली असतात. खोकं उघडल्यावर नळ्यांना तडे नाहीत आणि झाकणं गळत नाहीत हे त्याच दिवशी तपासा, आणि पहिली चाचणी सीलबंद बाटलीतल्या पाण्याची करा. तिथे अमोनिया हिरवट आला तर ते किट परत करा.